हंगाम संपल्यावर त्या गाड्या कुठे असतात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: अवजड वाहनाचा परवाना नुकताच हातात आलाय, धान्य वाहतुकीचं चार महिन्यांचं काम समोर आहे, सुपरवायझर म्हणतोय "काम बघून पुढे कायम करू", आणि त्या भरवशावर हातातली डिलिव्हरी व्हॅनची बारमाही नोकरी सोडावी का, हे ठरत नाहीये.

मी तीन हंगाम असेच काढले आणि त्यानंतर कायम झालो. पुढे काही वर्षं नवीन ड्रायव्हरची चाचणी घ्यायचं कामही माझ्याकडे होतं, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. हंगामी काम कायम होतं, पण "काम बघून" होत नाही. हे वाक्य मी तिन्ही हंगामांत ऐकलं. बोलणारे तीन वेगळे सुपरवायझर होते, आणि त्यातल्या दोघांना कोणाला कायम करायचा अधिकारच नव्हता. माणसं खोटी नव्हती. भर हंगामात गाडी उभी राहू नये एवढीच त्यांची चिंता, आणि त्या घाईत माणूस काहीही कबूल करतो.

म्हणून सुपरवायझरला "कायम करणार का?" असं विचारूच नका, हो म्हणायला त्याचं काय जातंय. त्याऐवजी विचारा, "हंगाम संपला की या गाड्या काय करतात?" या प्रश्नाला गोलमोल उत्तर देणं अवघड असतं. गाड्या वर्षाचे आठ महिने यार्डात उभ्या राहणार असतील, किंवा त्या हंगामापुरत्या भाड्यानेच आणलेल्या असतील, तर तुम्ही कितीही सोन्यासारखी गाडी चालवा, तिथे बारमाही जागा निघणार नाही. ज्या गाडीला बारा महिने माल नाही, तिच्यावर बारा महिने ड्रायव्हर कोण ठेवेल?

हंगामाहंगामात फरक असतो तो इथे. धान्य, ऊस, बीट अशा पिकांची वाहतूक एकदम उसळते आणि एकदम थंडावते. पण त्याच गाड्या नंतर खत, पशुखाद्य, बियाणं ओढत असतील तर चित्र वेगळं. बांधकामाचा माल वाहणाऱ्या टिपरचंही तसंच. थंड देशांत उन्हाळ्यात खडी-डांबर टाकणाऱ्या गाडीवर हिवाळ्यात मीठ फेकायचं यंत्र चढवतात, पुढे बर्फ ढकलायचं पातं लावतात, आणि तीच गाडी रस्ते साफ करत फिरते. अशा ठिकाणी एका हंगामाला घेतलेला ड्रायव्हर दुसऱ्या हंगामाला ठेवणं मालकाच्याच फायद्याचं असतं, कारण गाडी ओळखणारा माणूस त्याला आयता मिळालेला असतो. हिवाळ्यात घरं तापवायचं तेल पोचवणाऱ्या टँकरवर मात्र आधी धोकादायक मालाचं प्रमाणपत्र लागतं. युरोपात त्याला एडीआर म्हणतात, दर ५ वर्षांनी नवं करावं लागतं. ते खिशात असलेला हंगामी ड्रायव्हर कमी, म्हणून त्याला परत बोलावणं जास्त.

सणासुदीच्या पार्सलची गर्दी हा तिसरा प्रकार. माल वर्षभर असतोच, फक्त दोन-तीन महिने पूर येतो. पूर ओसरल्यावर बहुतेकांना घरी पाठवतात, पण मूळ धंदा चालू असल्यामुळे दहातल्या एकदोघांना तरी वाट असते.

आणि दुसरं टोक बघायचं तर कॅनडाच्या उत्तरेकडचा टिबिट ते काँटवॉयटो हा हिवाळी रस्ता. तो बहुतेक सगळा गोठलेल्या तलावांवरून जातो, हिऱ्यांच्या खाणींना वर्षभराचा माल तिथून पोचतो, आणि तो जेमतेम दोन महिने चालतो. भरलेल्या ट्रकला वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर, कारण जड गाडी जोरात गेली की बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते आणि बर्फ फुटतो. तिथे कायमची नोकरी मागणार कोणाकडे, रस्ताच वितळून जातो. अशा कामाला पैसा आणि अनुभव म्हणून जावं, दुसरी आशा ठेवू नये.

आता माझं कसं झालं ते सांगतो, कारण यात मला स्वतःलाच उशिरा कळलेली एक गोष्ट आहे. पहिल्या दोन वर्षी शेवटची खेप रिकामी केली, किल्ली दिली, हिशेब घेतला आणि निघालो. सगळे तेच करतात. चार महिने झोप नसते, घराची ओढ असते. तिसऱ्या वर्षी माझ्याकडे पुढचं काहीच काम नव्हतं, म्हणून आवराआवरीला थांबलो. ट्रेलर धुणं, ताडपत्र्या वाळवून घड्या घालणं, गाड्या एकेक करून वर्कशॉपला नेऊन सोडणं. पगार कमी, काम कंटाळवाणं. त्या दहा-बारा दिवसांत एका कायम ड्रायव्हरचं पाठीचं ऑपरेशन ठरलं. त्याच्या गाडीला माल लागलेला होता, ड्रायव्हर नव्हता, आणि यार्डात समोर झाडू घेऊन उभा होतो मी. तीन आठवड्यांसाठी म्हणून बसवलं. तो माणूस परत लांबच्या गाडीवर चढलाच नाही.

नशीब म्हणा, पण ते नशीब यार्डात उभं राहिल्याशिवाय लागत नव्हतं. जागा भर हंगामात निघत नाहीत, तेव्हा सगळेच चिकटून असतात. त्या निघतात हंगाम उतरताना. जुने ड्रायव्हर हंगामाचे पैसे हातात पडले की मगच राजीनामा देतात, दुखणी तेव्हाच बाहेर येतात, रजा तेव्हाच मागितल्या जातात. तेव्हा शेवटचा महिना चालू असतानाच सरळ सांगून ठेवा, की आवराआवरीला मी थांबतो, आणि नंतर बदली ड्रायव्हर लागला तर आधी मला फोन करा. फोन नंबर मात्र बदलू नका. हसू नका, मी चाचण्या घेत होतो तेव्हा निम्मे जुने नंबर बंद लागायचे.

ट्रकच्या धंद्यात खुर्ची रिकामी होणं ही रोजची गोष्ट आहे. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या मोठ्या कंपन्यांत ड्रायव्हर बदलत राहण्याचं वार्षिक प्रमाण कित्येक वर्षं ९० टक्क्यांच्या आसपास राहिलं होतं. म्हणजे शंभर जागांवर वर्षात नव्वदेक नवी भरती. नवख्याला दार उघडतं ते बहुधा इथूनच. पण ज्या दारातून इतके लोक बाहेर पडतायत त्यातून आत शिरताना ते का पडतायत हे विचारायला लाज वाटू देऊ नका. माल भरायला सहा-सहा तास रांगेत थांबवायचं आणि त्याचे पैसे द्यायचे नाहीत, असा प्रकार असेल तर "कायम" हा शब्द नुसता कागदावर शोभतो.

हंगामात तुमचं काय बघितलं जातं? वेगाने खेपा मारणारा आवडतो असं नव्या पोरांना वाटतं. खेपांवर बक्षीस असलं तरी कायम करताना उलट्या गोष्टी मोजतात. हल्लीच्या गाड्या सगळं लिहून ठेवतात: किती वेळा करकचून ब्रेक मारला, इंजिन उभ्या उभ्या किती वेळ चालू ठेवलं, डिझेल किती प्यायली. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. अमेरिकेत कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास चाक हातात धरता येतं. हंगामाच्या घाईत हे नियम वाकवणारा तेव्हा उपयोगी पडतो, पण त्याची नोंद कंपनीच्या गळ्याशी येते आणि पुढच्या वर्षी त्याचं नाव यादीत नसतं. माझ्या दुसऱ्या हंगामात मला वजनापेक्षा जास्त माल भरून पाठवलं, मी गुपचूप गेलो, काट्यावर पकडलो गेलो. भरणारा कोण होता हे कोणी विचारलं नाही. चालवणारा मी होतो. तेव्हापासून काट्याची पावती बघितल्याशिवाय मी गेट सोडत नाही, समोरचा कितीही ओरडला तरी.

टिपर असेल तर अजून एक. जमीन तिरकी असताना ट्रॉली वर उचलायची नाही, आणि उचलण्याआधी डोक्यावरच्या तारा बघायच्या. हंगामी ड्रायव्हरची गाडी उलटते ती बहुधा शेताच्या कडेला, रस्त्यावर नाही. चार महिने काही न उलटवता, काही न ठोकता काढले तर ती तुमची सगळ्यात मोठी शिफारस आहे. ती लेखी घ्या: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठली गाडी, किती एक्सल, अपघात शून्य. कारण पुढच्या ठिकाणी तुम्हाला घ्यायचं की नाही यात विमा कंपनीचाही शब्द चालतो. विमावाल्याला मोठ्या गाडीवरचा अनुभव महिन्यांत मोजून हवा असतो, आणि व्हॅनचा अनुभव तो त्यात धरत नाही. इथेच तुमच्या चार महिन्यांची खरी किंमत आहे. ही कंपनी ठेवो न ठेवो, ते महिने तुमच्याबरोबर जातात.

परवानाही नीट वाचा. अमेरिकेत शेतीच्या हंगामासाठी एक मर्यादित व्यावसायिक परवाना मिळतो. तो त्या शेतापासून किंवा धंद्यापासून १५० मैलांच्या आतच चालतो आणि मोठ्या जोडट्रेलरला चालतच नाही. त्यावर हंगाम काढून कोणी बारमाही लांब पल्ल्याची नोकरी मागायला गेलं तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तुमचा परवाना पूर्ण असेल तर हा प्रश्न नाही.

भरती एजन्सीमार्फत होत असेल तर करारातलं एक कलम शोधा. बऱ्याच एजन्सी अशी अट घालतात, की ठरावीक मुदतीच्या आत कंपनीने तुम्हाला थेट नोकरीवर घेतलं तर एजन्सीला रक्कम द्यायची. कंपनीला तुम्ही आवडलात तरी त्या रकमेपायी हात आखडता घेतला जातो. मुदत कधी संपते ते माहीत असलं की आपण मागायची वेळ साधता येते.

कायद्याचंही कोणीतरी विचारेलच, म्हणून थोडक्यात. सलग किती वर्षं मुदतीचे करार केले की माणूस कायम धरायचा, हे देशागणिक बदलतं. ब्रिटनमध्ये एकामागून एक करारांवर ४ वर्षं झाली की साधारणपणे तो कायम मानला जातो, पण हंगामी माणसाच्या मधे खंड पडतो आणि तिथेच भांडण लागतं. स्पेनची रीत मला जास्त पटते. तिथे 'फिहो दिस्कोन्तिनुओ' नावाचा करार असतो: नोकरी कायम, पण काम हंगामापुरतं, आणि पुढचा हंगाम सुरू झाला की ठरलेल्या क्रमाने तुम्हाला बोलावणं मालकावर बंधनकारक. तुमच्याकडे असा कायदा नसला तरी 'पुढच्या हंगामाला पहिलं बोलावणं मला' एवढी ओळ पत्रावर लिहून मागायला काय हरकत आहे? मी मागितली होती. पहिल्यांदा नाही म्हणाले, दुसऱ्यांदा दिली.

राहिला व्हॅनच्या नोकरीचा प्रश्न. माझं मत विचाराल तर लगेच राजीनामा देऊ नका. आधी चार महिन्यांची बिनपगारी रजा मागून बघा, नाही म्हणाले तरी काही बिघडत नाही. मग ज्या कंपनीत जाणार तिच्या काट्यावर किंवा गेटवर एक संध्याकाळ जाऊन उभे राहा आणि रांगेतल्या ड्रायव्हरना विचारा, मागच्या हंगामातले कितीजण आज इथे कायम आहेत. ड्रायव्हर खरं सांगतात, कधीकधी गरजेपेक्षा जास्तच. कोणी एकाचंही नाव सांगू शकलं नाही आणि गाड्या आठ महिने उभ्या राहत असतील, तर मी बारमाही पगार सोडणार नाही. दोन-तीन नावं निघाली आणि गाड्या नंतर खताला किंवा खाद्याला लागत असतील, तर मी जाईन.

गाड्या नक्की कुठल्या आहेत तेवढं कळवा: टिपर, बंद बॉडी की ट्रेलर, आणि कंपनीच्या मालकीच्या की भाड्याच्या. त्यावरून पुढचं जास्त नेमकं सांगता येईल.