अकरा दिवसांत घरी आणलंत, तिथेच केस अडकली

ताई, असलं पत्र मला सारखं येतं, फक्त भावाच्या जागी कधी मुलगा असतो कधी नवरा. ब्राउन शुगर ओढून भाऊ मित्राच्या खोलीवर बेशुद्ध पडला, पोलिसांना घाबरून मित्रांनी तासभर नुसतं पाणी मारत बसून घालवला, मग हॉस्पिटल, खिशातल्या पुड्या, गुन्हा, जामीन. आणि आता तुम्ही विचारताय की खासगी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं त्याचा कोर्टात उपयोग होईल का.

आज आहे तसा नाही होणार. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४-अ असं आहे की व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला आणि आरोप नुसता सेवनाचा किंवा स्मॉल क्वांटिटीचा (कायद्याने ठरवलेल्या अल्प प्रमाणाचा) असला तर त्याच्यावर खटला चालत नाही, पण उपचार सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणीच हवेत (नगरपालिका-महापालिकेचं किंवा त्यांनी मान्यता दिलेलं चालतं), आणि ते अर्धवट सोडले तर दिलेली सूटही काढून घेता येते. तुम्ही पाठवलेल्या पावतीवर मान्यतेचा उल्लेखच नाही आणि अकराव्या दिवशी "आता बरा दिसतोय" म्हणून तुम्ही त्याला घरी घेऊन आलात! राग येतो हो अशा वेळी, कारण भरती करताना मान्यतेचा कागद दाखवा एवढंच म्हणायचं होतं.

अजून वेळ गेलेली नाही. सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जा, कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. त्याला व्यसन जडलंय, अवलंबित्व आहे, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या, कारण कायद्यात ॲडिक्ट म्हणजे अवलंबून असलेला माणूस, कधीतरी मजा म्हणून घेणाऱ्याला हे कलम लागू होणं कठीण. या कलमाचा अर्ज कोर्टात चार्ज फ्रेम (आरोप निश्चित) व्हायच्या आत द्या, नंतर दिलात तर सरकारी वकील वाद घालणार आणि तारखा पडत राहणार. लॅबचा रिपोर्ट यायला आधीच महिने लागतात, त्यात आपली भर नको. तेवढ्या काळात उपचार पूर्ण होतील, हाच काय तो आपल्या संथ कोर्टांचा फायदा.

वजनाचं म्हणाल तर पंचनाम्यात ४.६ ग्रॅम आहे आणि हेरॉइनची (ब्राउन शुगर म्हणजे भेसळीचं हेरॉइनच) स्मॉल क्वांटिटी ५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे थोडक्यात वाचलात. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या हिरा सिंग निकालानंतर भेसळीसकट सगळी पावडर मोजली जाते, त्यामुळे "त्यात माल कमीच होता" हे कोर्टात बोलू नका. ५ च्या वर गेलं असतं तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि ६४-अ चा प्रश्नच आला नसता. बाकी जप्ती-झडतीतल्या चुका कागद बघितल्याशिवाय मी सांगणार नाही.

आता त्या तासाबद्दल, आणि हे त्या मित्रांनाही वाचायला द्या. अशा वेळी मदतीला फोन करणाऱ्याला सूट देणारं कलम एनडीपीएसमध्ये नाही, ते असायला हवं असं माझं ठाम मत आहे. पण सेवनाच्या किंवा एवढ्या वजनाच्या गुन्ह्याला जास्तीत जास्त एक वर्ष आहे, आणि श्वास थांबला तर काही मिनिटांत सगळं संपतं. १०८ लावा, कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका, काय घेतलंय ते डॉक्टरला खरं सांगा म्हणजे नॅलोक्झोन (हेरॉइनचा असर उतरवणारं औषध) वेळेवर देता येईल. आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार नंतर, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय, हॉस्पिटल पोलिसांना कळवेल पण त्यासाठी उपचार थांबवता येत नाहीत.

अजून एक, भाऊ काही दिवस बंद ठेवून परत घ्यायला लागला तर पूर्वीचाच डोस त्याला झेपणार नाही, शरीराची सवय गेलेली असते, आणि नेमकी तेव्हाच माणसं जातात. हे त्याला तोंडावर सांगा, लाजू नका. उद्या सकाळी ओपीडीचा केस पेपर काढा आणि झेरॉक्स त्याच दिवशी तुमच्या वकिलाकडे पोचवा.