फायटरचे शेजारी

प्रश्न (नाशिक): आमच्या दोन फुटी टाकीत चार नर गप्पी, तीन टायगर बार्ब आणि एक सकर आहे. गेल्या आठवड्यात त्यात लाल नर फायटर (बेटा मासा) सोडला. तीन दिवसांत दोन गप्पींच्या शेपट्या फाटल्या आणि फायटरचेही पर कुरतडल्यासारखे दिसू लागले. दुकानदार म्हणतो, सवय होईल. होईल का?

उत्तर: नाही होणार. तुमच्या टाकीत एक नव्हे, दोन भांडणं चालू आहेत. नर गप्पीची रंगीत, पंख्यासारखी शेपटी पाहून फायटरला तो दुसरा नर फायटरच वाटतो. त्याच वेळी टायगर बार्ब फायटरचे लोंबते पर तोडतात. बार्ब आठ-दहा असले, तर त्यांची चावाचावी बरीचशी आपापसात जिरते. तिघेच असले की शेजाऱ्यांवर निघते.

फायटरला आजच वेगळ्या दहा लिटरच्या टाकीत हलवा आणि रोज पाव भाग पाणी बदला. नळाचं पाणी असेल तर आधी अँटी-क्लोरीन घाला. औषध लगेच ओतू नका. चावल्याने फाटलेल्या पराची कड स्वच्छ असते आणि आठ-दहा दिवसांत तिथे पारदर्शक पापुद्रा दिसू लागतो. कड काळपट किंवा लालसर होऊन पर रोज आखूड होत असेल, तर तो फिन रॉट, म्हणजे पर कुजण्याचा रोग; औषधाची गरज तेव्हा.

गप्पी आणि बार्ब दुसऱ्या टाकीत जाऊ द्या. सकर तर दुकानात परतच करा. ‘काच साफ करतो’ म्हणून बोटभर लांबीचा विकतात, पण तो फूटभर वाढतो आणि घाणही तेवढीच करतो. गोदावरीत मात्र सोडू नका. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आपल्या नद्या-तलावांत आधीच नको तेवढा पसरला आहे.

आता शेजारी कोण? २४ × १२ × १२ इंचांच्या टाकीत वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर साधारण ४५ लिटर पाणी मावतं. त्यात आठ हार्लेक्विन रासबोरा आणि तळाला सहा छोटे कोरी (मिशीवाले मासे), एवढं पुरे. रासबोरांच्या शेपट्या आखूड, पोहणं मधल्या थरात; फायटर वरच्या थरात रमतो. कोरींसाठी तळाला बारीक वाळू हवी. धारदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात. गौरामी फायटरच्या नात्यातला, म्हणून टाळा. चेरी श्रिंप (छोटी लाल कोळंबी) घातलात तर पिल्लं फायटरच्या पोटात जाणार, हे धरूनच घाला.

टाकी रिकामी होतेच आहे, तर मांडणीही बदला. जावा मॉस आणि अनुबियास या पाणवनस्पती अशा लावा, की या टोकाकडून त्या टोकाचं दिसू नये. नजरेआड झालेल्या माशाचा पाठलाग थांबतो. फिल्टर एअर पंपावरचा स्पंजचा घ्या. धार जोराची असेल तर लांब परांचा फायटर दमून कोपऱ्यात बसतो आणि आपण त्याला आजारी समजतो. जुना स्पंज असेल तर टाकीतल्याच पाण्यात हलका पिळून वापरा, नळाखाली धुऊ नका. त्यातले घाण पचवणारे जिवाणू मेले की पाण्यात विषारी अमोनिया चढतो. सगळंच नवं असेल तर टाकी मुरायला, म्हणजे हे जिवाणू पुरेसे वाढायला, चार ते सहा आठवडे लागतात. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय मासे सोडू नका. नाशिकच्या थंडीत ५० वॅटचा हीटर २६ अंशांवर हवाच.

रासबोरा आणि कोरी आधी सोडा, फायटर सर्वांत शेवटी. आधी जागा बळकावली, की तो नंतर आलेल्यांना हुसकावतो. पहिले दोन दिवस कल्ले फुगवणं, वीतभर पाठलाग करणं चालायचंच. रासबोरा खायलाही बाहेर येईनात, तर फायटरलाच काढा. काहींचा स्वभाव एकट्यानेच राहण्याचा असतो, म्हणून ती दहा लिटरची टाकी मोडू नका. खाणं देताना फायटरचे तीन-चार दाणे एका टोकाला आणि रासबोरांचा चुरा दुसऱ्या टोकाला टाका, नाहीतर तो दोन्ही फस्त करून पोट फुगवून घेतो. कोरींची बुडणारी गोळी दिवा बंद केल्यावर.

प्रश्न (सोलापूर): माद्या भांडत नाहीत म्हणतात. दोन फुटी टाकीत चार मादी फायटर चालतील का?

उत्तर: माद्याही भांडतात, फक्त उशिरा आणि कमी दिखाव्याने. चौघींत सर्वांत दुबळी कायम मार खाते. एकच ठेवा.

प्रश्न (पणजी): फायटर सारखा वर येऊन हवा घेतो. पाण्यात ऑक्सिजन कमी आहे का?

उत्तर: एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. थायलंडच्या भातखाचरांत, साचलेल्या पाण्यात वाढलेल्या या माशाला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याचं अंग असतं. पाण्यावर तीन सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा आणि झाकण लावा, कारण तो उडीही मारतो. सोबतचे रासबोराही पृष्ठभागावर धापा टाकत असतील, तर मात्र ऑक्सिजन कमी आहे किंवा अमोनिया वाढला आहे. त्याच दिवशी एक तृतीयांश पाणी बदला, पंप रात्रंदिवस चालू ठेवा आणि दोन दिवस खाणं बंद करा.