आकडा वेगळ्या कागदावर

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र पोचलं. तरुण संघ वस्तीवर बीपी-शुगरची तपासणी घेणार, पाळकसाहेबांचा होकार आहे, आणि सुवार्तेच्या हस्तपत्रिका पाचशे पुरतील का असं तू विचारतोयस. साखर तपासायच्या पट्ट्या किती घेतल्या, वापरलेल्या सुया कशात टाकणार, यातलं तुझ्या पत्रात काहीच नाही. म्हणून जरा लांबण लावते.

आधी माझी चूक ऐक. मी मिशन दवाखान्यात नर्स होते तेव्हाची गोष्ट. आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, एका गावात असंच शिबिर घेतलं. अकराच्या सुमाराला नोंदीची कार्डं संपली, आणि रांग तर मारुतीच्या पारापर्यंत. हस्तपत्रिकेची पाठ कोरी होती, तिच्यावरच मी बीपी लिहून द्यायला लागले. पन्नाशीच्या एका बाईंचं १९०/११० भरलं. आकडा लिहिला, खाली ‘आजच दवाखान्यात दाखवा’ लिहून दोन रेघा ओढल्या. बाईंना वाचता येत नव्हतं. घरी मुलाने कागदाची पुढची बाजू पाहिली, क्रूस दिसला, कागद चुलीत गेला. दोन महिन्यांनी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. मुलगा दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटला. भांडला नाही. “सिस्टर, दुसऱ्या कागदावर का नाही दिलंत?” एवढंच म्हणाला.

मुलाला नावं ठेवणारे मंडळीत पुष्कळ निघाले. मी नाही ठेवत. फुकट तपासणीला गेलेली आई दुसऱ्या धर्माचा कागद घेऊन आली, तर कुणाच्याही मनात जे येईल तेच त्याच्या मनात आलं. आकडा आणि सुवार्ता मी एका कागदावर बांधली, आणि दोन्ही एकदमच जळाली.

तेव्हा टेबलापासून सुरुवात कर. तपासणीच्या टेबलावर पत्रिका नको, दानपेटी नको. मात्र आपण कोण ते लपवायचंही नाही. फलकावर मंडळीचं नाव सरळ लिही, ‘मोफत रक्तदाब व साखर तपासणी’ लिही आणि थांब. ‘येशू बरे करतो’ ही ओळ त्या फलकावर नको. मंत्रतंत्राने आजार बरे होतात अशा जाहिरातींना बंदी करणारा कायदा १९५४पासून आहे, आणि मधुमेह व रक्तदाब दोन्ही त्याच्या यादीत आहेत. शिवाय फुकट उपचाराचं आमिष दाखवून धर्म बदलतात हा आरोप आपल्यावर किती पटकन होतो, ते तुला ठाऊक आहे. तो खोटा आहे असं नुसतं म्हणून भागत नाही, आपली मांडणीच अशी हवी की तो चिकटू नये.

आता बीपी. माणूस उन्हातून चालत आला की लगेच दंडाला कफ, म्हणजे बीपीचा पट्टा, बांधायचा नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर सोडून पाच मिनिटं गप्प बसवायचं. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिशरी झाली आहे का ते विचार. (मिशरीचं बायका आपणहून सांगत नाहीत, बाईनेच विचारावं.) ब्लाऊजची बाही वर गुंडाळली की दंडाला काचते आणि आकडा फसवतो. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत. दोनदा मोजायचं. त्या पाच मिनिटांच्या शांततेत आपल्यातल्या कुणाला तरी हमखास साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायची, स्फूर्ती येईल. देऊ देऊ नकोस. बोलण्याने बीपी वर जातं हे एक, आणि खुर्चीतून उठता न येणाऱ्या माणसाला उपदेश करणं मला बरं वाटत नाही हे दुसरं.

साखरेसाठी हात साबणाने धुवून कोरडे. गुळाचा हात असेल तर यंत्र गुळाची साखर दाखवतं. सुई माणसागणिक नवी, वापरलेली सुई जाड डब्यात, आणि तो डबा घ्यायला प्राथमिक आरोग्य केंद्र तयार आहे का ते आधीच विचारून ठेव. तिथल्या डॉक्टरांना आणि वस्तीच्या आशाताईंना तारीख कळवल्याशिवाय शिबिर घेऊच नकोस. साखर उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, बीपी १४०/९० किंवा जास्त, तर पुन्हा तपासायला पाठवायचं. ‘तुम्हाला मधुमेह आहे’ असं आपण म्हणायचं नाही, ते डॉक्टर ठरवतील. बीपी १८०/१२०च्या घरात असेल तर त्याच दिवशी दवाखाना, आणि छातीत दुखत असेल, धाप असेल, तोंड वाकडं दिसत असेल तर १०८ला फोन. गोळ्या आपण कुणालाच द्यायच्या नाहीत.

किती लोक तपासायचे? पट्ट्या किती आहेत त्यावर ठरवू नकोस. महिनाभरात ज्यांच्या घरी परत जाता येईल तेवढेच घे. पन्नास पुष्कळ झाले. वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची बायबलमधली गोष्ट आपण, त्याने जखमांवर तेल-द्राक्षारस ओतला, इथेच संपवतो. पण पुढे त्याने जखमीला उतारशाळेत नेलं, तिथल्या मालकाला दोन दिनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला. परत येणार होता तो! आपली शिबिरं या वाक्यापाशी कमी पडतात.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये काम सुरू केलं. दोघं वेल्लोरला शिकलेले, श्रद्धावान ख्रिस्ती. गावाला काय हवं ते विचारलं तर लोकांनी आधी अन्नपाणी मागितलं, तर त्यांनी तिथून सुरुवात केली. पुढे गावातल्याच बायकांना, कित्येक दलित आणि निरक्षर, शिकवून आरोग्य कार्यकर्त्या केलं. १९७९ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की शिबिराची गाडी गेली तरी त्या बाया गावातच राहत होत्या.

प्रार्थनेचं विचारलंस. कुणी मागितली तर जरूर कर, पण दवाखान्याची चिठ्ठी हातात देऊन झाल्यावर, बाजूला बसून. आणि गोळ्या चालू ठेवायच्या हे त्याच तोंडाने सांग. ‘विश्वास ठेवा, औषध सोडा’ म्हणणारा कुणी आपल्या गटात असेल तर त्याला सतरंज्या उचलायचं काम दे. आणखी एक, बुधवारच्या प्रार्थनासभेत ‘अमक्या काकूंची शुगर तीनशे आहे, त्यांच्यासाठी प्रार्थना करू या’ असं कुणी बोलायचं नाही. नावं प्रभूला माहीत आहेत.

वडीलमंडळी विचारतील, मग मंडळीला फायदा काय? त्यांना सांग, प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परत आला. नऊ कुठे असं प्रभूने विचारलं खरं, पण कुणाचं बरेपण काढून घेतलं नाही. कुणी तुला आपणहून विचारलं, ‘पोरा, हे का करतोस?’ तर आडपडदा न ठेवता मनातलं सांग.

येत्या शनिवारी दुपारी घरी ये. जाड दंडाचा कफ माझ्याकडे पडून आहे, घेऊन जा. येताना दोनशे पानी वही आण, रकाने मिळून आखू. शेवटचा रकाना ‘दवाखान्यात गेले का?’, तो रुंद ठेवायचा.

तुझी,
मावशी

ता. क. पत्रिका शंभरच छाप. आणि दोन्ही बाजूंनी छाप, पाठ कोरी ठेवू नकोस.