पॅकेज बिल्ड करताना व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातला आभासी संगणक) फार वेळ खातं, जास्त कोरचा सर्व्हर घेऊ का?

इवलंसं डेबियन लिनक्सचं पॅकेज आणि बिल्डला पंधरा मिनिटं, असं तुम्ही लिहिलंय. मग पैसे इतक्यात मोडू नका. लॉगमध्ये प्रत्येक ओळीपुढे वेळ छापून घ्या आणि कंपायलर सुरू कधी झाला ते बघा. आमच्या सोलापुरात कुठलाही पॉवरलूमवाला सांगेल, माग चालू झाला की कापड भराभर निघतं, वेळ जातो तो सुताचा बीम चढवण्यात. तुमचाही वेळ बहुतेक डिपेंडन्सी, म्हणजे बिल्डला लागणारी इतर पॅकेजेस, बसवण्यातच जातोय.

केव्हीएम, म्हणजे व्हीएमला खरा प्रोसेसर थेट वापरू देणारी लिनक्सची सोय, खरंच चालू आहे का, तेही बघून घ्या. बायोसमध्ये त्याला लागणारं व्हर्च्युअलायझेशन बंद असेल तर क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) प्रोसेसरची नुसती नक्कल करत बसू शकतं, मग बाकीचे उपाय म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

खरी गोम डिस्कमध्ये असते. डीपीकेजी, म्हणजे डेबियनचा पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम, पॅकेज उलगडताना फायली डिस्कवर पक्क्या उतरल्या की नाही याची एफसिंकने खात्री करून घेतं. डिपेंडन्सी शेकडो असतील तर नुसती वाट बघण्यातच वेळ संपतो. पण बिल्ड झाल्यावर फेकूनच द्यायचं असलेल्या व्हीएमला ही काळजी कशाला? त्या डिस्कचा कॅश मोड 'अनसेफ' करा, किंवा आत 'ईटमायडेटा' हे एफसिंक गाळून टाकणारं साधन वापरा. नाव भीतीदायक आहे, आणि रास्त आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट कधी जाईल नेम नाही. गेली तर ते व्हीएम गेलं समजायचं आणि बिल्ड पुन्हा लावायचा. मात्र तयार पॅकेजेस जिथे ठेवता त्या डिस्कवर हा उद्योग चुकूनही करू नका.

दर वेळी नवं डेबियन उभं करत असाल तर तेही थांबवा. बिल्ड-इसेन्शियल, डेबहेल्पर ही बिल्डची साधनं घातलेली एक मूळ इमेज (व्हीएमच्या डिस्कची फाइल) ठेवा आणि प्रत्येक बिल्डला तिच्यावर क्यूकाऊ२ ओव्हरले काढा, म्हणजे फक्त बदल साठवणारी वरची फाइल. क्षणात तयार होतो. मूळ इमेजला मात्र त्यानंतर हात लावायचा नाही, नाहीतर वरचे सगळे ओव्हरले बिघडतात. अपडेट हवं तर नवी इमेज बनवा.

डाउनलोडसाठी होस्टवर (ज्या मशीनवर व्हीएम चालतं तिथे) ॲप्ट-कॅशर-एनजी लावा, पोर्ट ३१४२; एकदा उतरवलेली पॅकेजेस ते साठवून ठेवतं. मिरर (पॅकेजेस उतरवायचा सर्व्हर) एचटीटीपीचाच द्या, एचटीटीपीएस असेल तर त्याला सहसा काही साठवता येत नाही. एचटीटीपीची भीती नको, पॅकेजेस अस्सल असल्याच्या डिजिटल सह्या ॲप्ट (डेबियनचं पॅकेज उतरवणारं साधन) तपासतंच.

एवढं करूनही कंपायलरच वेळ खात असेल, तर व्हीएमला कोर किती दिलेत ते बघा. क्यूईएमयू न सांगता एकच देतं. कोर वाढवताना रॅमही वाढवा. सी++ची चार कामं एकदम सुटली की दोन जीबीत काही भागत नाही.