कललेलं झाड मागून कापत नेऊ नका

विचारलेला प्रश्न ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायटीतली सुबाभूळ पाडण्याचा आहे: बुंधा ४० सेंमी जाड, उंची साधारण १२ मीटर, कल शेजारच्या मोकळ्या प्लॉटकडे, माळीदादांकडे १८ इंची बारची (ज्या पात्याभोवती चेन फिरते तो बार) चेन सॉ. "पुढे खाच मारायची नि मागून कापायचं, एवढंच ना?" सरळ उभ्या झाडाला एवढंच. कललेल्याला मात्र हाच मागचा काप जिवावर बेततो.

अशा बुंध्याची मागची बाजू ताणलेली असते. मागून कापत गेलात की काप पुरा व्हायच्या आधीच झाड पडायला लागतं. पुढचं लाकूड अजून जाड असल्याने वाकत नाही आणि बुंधा उभा चिरतो. चिरलेली मागची फळी उसळून कापणाऱ्याच्याच अंगावर येते.

म्हणून बार आत घुसवून कापायचं. आधी कलाच्या बाजूला खाच, तोंड ७० अंश उघडं, खोली ८ ते १० सेंमी. वरचा-खालचा काप एका रेषेत मिळायलाच हवेत. एखादा आत सरकला की बिजागरी तिथेच कापली जाते. बिजागरी म्हणजे खाचेमागे सोडलेलं ४ सेंमी लाकूड, जाडीचा दहावा हिस्सा. झाडाची दिशा तीच धरते, तिला शेवटपर्यंत हात लावायचा नाही.

तिच्यामागे बाजूने बार घाला. सुरुवात टोकाच्या खालच्या कोपऱ्याने, पूर्ण रेस देऊन. टोकाचा वरचा भाग आधी टेकला तर किकबॅक बसतो, सॉ थेट तोंडाकडे येते. बार आरपार गेला की मागे कापत या आणि शेवटचं ४-५ सेंमी तसंच ठेवा. आता झाड पुढच्या बिजागरीवर आणि मागच्या पट्टीवर उभं असतं. आवाज देऊन, आजूबाजूला पाहून घ्यायला वेळ मिळतो. मग बाहेरून, आधीच्या कापापेक्षा दोन बोटं खाली ती पट्टी तोडायची आणि मागे तिरकं ४५ अंशांत निघायचं. ही वाट आधीच साफ केलेली हवी.

चारी बाजूंनी २४ मीटर रिकामं हवं. दोरी ओढायला पुढे चार जण उभे करायची हौस असते, ती नको. ते झाडाच्या टप्प्यातच असतात. बुंध्यावर हातोडी मारून आवाज पोकळ आला, किंवा टप्प्यात विजेची तार असली, तर हा प्रकार सोडा. पोकळ बुंध्याची बिजागरी टिकत नाही. असं झाड वरून दोरीने तुकड्यातुकड्यांनी उतरवणाऱ्यांना द्या. तार असेल तर आधी महावितरणकडून वीज बंद करून घ्या.

परवानगीचा कागदही नीट वाचा. १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली छाटणी आणि तोड वेगळी. छाटणीच्या कागदावर झाड पाडता येत नाही.

हेल्मेट-जाळी, कानाची मफ, मांडीला चॅप्स (चेनपासून वाचवणारं जाड आवरण), पायात बूट. चपलेवर सॉ चालवणारा आला तर परत पाठवा. आणि भुश्याकडे लक्ष ठेवा: चिपट्या पडतात तोवर चेन धारदार, पीठ पडायला लागलं की बोथट. बोथट चेन लाकडात तिरकी जाते आणि ४ सेंमीची बिजागरी एका बाजूला २ चीच उरते. पीठ दिसलं की सॉ बंद करून आधी कानस मारा.