प्रच्छाया : ग्रहणातली आणि झाडाखालची

प्रश्न असा आला आहे : ग्रहणाच्या माहितीत 'प्रच्छाया' शब्द नेहमी येतो. तो 'प्रच्छन्न' आणि 'छाया' मिळून झाला आहे का? लिहायचा कसा, प्रछाया की प्रच्छाया? आणि त्याचा अर्थ पूर्ण अंधार असा घ्यायचा का?

प्रच्छन्नशी त्याचा संबंध नाही, पण तसं वाटणं साहजिक आहे, कारण 'प्र'च्या पुढे दोन्हीकडे तोच 'च्छ' दिसतो. शब्द आहे प्र + छाया. संस्कृतात ऱ्हस्व स्वरापुढे 'छ' आला की मध्ये एक 'त्' येतो आणि छ-च्या शेजारी त्याचा 'च्' होतो. पाणिनीचं त्यासाठीचं सूत्र अवघ्या दोन अक्षरांचं आहे : 'छे च'. परिच्छेद, स्वच्छंद, मातृच्छाया हे शब्द आपण रोज याच नियमाने लिहितो. प्रच्छन्नमध्येही तेच झालं आहे, फक्त तिथे प्र + छन्न आहे आणि छन्न म्हणजे झाकलेलं. तेव्हा प्रच्छाया आणि तिची जोडीदार उपच्छाया, दोन्ही 'च्छ'नेच लिहावेत. 'छत्रछाया' मराठीत रुळली आहे, तिला मी हटकणार नाही. परिभाषेतला शब्द मात्र नेमकाच लिहिलेला बरा.

आता अर्थ. टेबलावर पांढरा कागद ठेवा आणि ट्यूबलाइटखाली कागदाच्या वर चार बोटं अंतरावर तळहात धरा. मधली सावली काळीभोर दिसेल आणि कडेला करडी, विरत जाणारी. हात हळूहळू वर न्या : काळा भाग आक्रसतो, करडा पसरतो. त्या कागदावर एक मुंगी चालली आहे असं समजा. काळ्या भागातून तिला दिवा अजिबात दिसत नाही, ती प्रच्छाया. करड्या भागातून दिव्याचा काही भाग हाताआडून डोकावताना दिसतो, ती उपच्छाया. सावली किती काळी हा प्रश्नच नाही. तिथून उजेडाचा उगम दिसतो की नाही, एवढंच बघायचं.

२४ ऑक्टोबर १९९५चं सूर्यग्रहण आठवा. राजस्थानातल्या नीम का थानापासून बंगालमधल्या डायमंड हार्बरपर्यंतच्या चिंचोळ्या पट्ट्यावरून चंद्राची प्रच्छाया गेली, तिथे खग्रास दिसलं. मुंबई-पुणं उपच्छायेत होतं, म्हणून आपल्याकडे खंडग्रास. चंद्राची प्रच्छाया पृथ्वीपर्यंत पोचता पोचता निमुळती होऊन संपत आलेली असते. पृथ्वीची मात्र सुमारे १४ लाख किलोमीटर लांब जाते, आणि चंद्राच्या अंतरावरही ती जवळपास ९,००० किलोमीटर रुंद असते. ३,४७४ किलोमीटर व्यासाचा चंद्र तीत सहज मावतो.

आर्यभटाने चंद्रग्रहणाचं कारण सांगताना 'भूच्छाया' शब्द वापरला आहे, आणि तिथेही तोच 'च्छ' आहे. प्रच्छाया शब्दाचं जुनं घर मात्र ज्योतिषात नाही. कालिदासाच्या शाकुंतलात, पहिल्याच अंकात, उन्हाळ्याच्या दिवसांना 'प्रच्छायसुलभनिद्रा' म्हटलं आहे : दाट सावलीत सहज झोप लागावी असे दिवस. 'प्रच्छाय' म्हणजे झाडांची गर्द सावली, जिच्यातून उन्हाचा कवडसाही खाली येत नाही. वैशाखात वडाखाली घोंगडी टाकून पडलेल्या माणसाला पानांतून सूर्य दिसत नाही आणि खग्रास ग्रहणाच्या पट्ट्यात उभ्या असलेल्यालाही दिसत नाही. ज्याने कुणी हा शब्द आकाशाकडे वळवला, त्याच्या कानाला माझा नमस्कार.

उपच्छायेतला 'उप' उपनगर-उपनदीतला, मुख्य वस्तूला लागून असलेला. युरोपीय भाषांत तिच्यासाठी 'पेनम्ब्रा' हा शब्द खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ साली वापरला : लॅटिन 'पेने' म्हणजे जवळजवळ, 'अंब्रा' म्हणजे सावली. आता मराठी वर्तमानपत्रांतलं 'छायाकल्प चंद्रग्रहण' बघा, जसं ५ मे २०२३ला बुद्धपौर्णिमेच्या रात्री झालं. 'कल्प' प्रत्ययाचा अर्थ 'जवळजवळ तसा', म्हणून मृतकल्प, ऋषिकल्प. छायाकल्प म्हणजेही जवळजवळ सावलीच! चंद्र फक्त उपच्छायेतून जातो तेव्हा तो किंचित मळकट होतो, तुकडा तुटत नाही. त्या दिसण्याला हा शब्द इतका बरोबर बसतो की मला तो उपच्छायेपेक्षाही आवडतो.

राहिला अंधाराचा प्रश्न. ७ सप्टेंबर २०२५च्या रात्री ११ ते १२:२२ चंद्र पूर्ण प्रच्छायेत होता, तरी तो नाहीसा झाला नाही, तांब्याच्या रंगाचा झाला. पृथ्वीच्या वातावरणातून वाकलेला तांबडा प्रकाश प्रच्छायेतही शिरतो. त्यामुळे 'प्रच्छाया म्हणजे पूर्ण अंधार' असं लिहू नये. 'जिथे सूर्याचा थेट प्रकाश पोचत नाही ती सावली' असं लिहावं. ३१ डिसेंबर २०२८ला रात्री दहाच्या सुमारास चंद्र पुन्हा प्रच्छायेत असेल आणि भारतातून दिसेल. नव्या वर्षाची वाट बघत गच्चीवर असाल, तर वर बघा.