तो सांगायला लागला होता

प्रिय ताई,

माझा मुलगा बोटीवर असतो, मालवाहू जहाजावर. 2023 च्या नोव्हेंबरात लाल समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' ही बोट पळवली, तो हेलिकॉप्टरमधून बंदूकवाले उतरतानाचा व्हिडिओ मी पाहिला आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. रात्री सगळी निजली की मोबाइल घेते. आधी बोटींच्या बातम्या, मग युद्ध, मग अपघात, मग कुठलं कुठलं. पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला की कळतं, उजाडलं. डोकं ठणकतं, जेवण जात नाही, मिस्टर ओरडतात. मुलगा आठ महिन्यांनी गेल्या महिन्यात घरी आलाय, तरी सवय जात नाही. एकदा जेवताना तो तिकडचं काही सांगायला लागला होता, पण मी त्याला एक व्हिडिओ दाखवला आणि विषय तिथंच राहिला. पुढच्या महिन्यात त्याचं परत जॉइनिंग. ताई, हे व्यसन कसं सोडवू? मोबाइलमध्ये काही बंद करून ठेवता येतं का?

— एक आई, डिचोली

बाई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या जेवणाच्या ओळीवर थांबले. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. 'विषय तिथंच राहिला' म्हणता. तो राहिला नाही, तुम्ही तोडलात.

ती वेळ पुन्हा डोळ्यांपुढे आणा. समोर शीत-हुमण. आठ महिने बोटीवरच्या मेसमध्ये जेवलेला मुलगा भात कालवता कालवता आपणहून बोलायला लागतो. बोटीवरची मुलं घरी येतात, बॅगा उघडतात, सगळ्यांच्या हातात काही ना काही ठेवतात आणि तिकडचं विचारलं तर 'बरं चाललंय' म्हणून मोकळी होतात. तुमचा मुलगा मात्र तोंड उघडत होता. त्या क्षणी तुम्ही त्याच्यापुढे मोबाइल धरलात. समुद्रावरून आलेल्या माणसाला समुद्राचा व्हिडिओ दाखवलात! तो गप्प झाला, यात नवल ते काय?

मला याचा राग आला आहे आणि तो मी लपवत नाही.

तुमच्या एवढ्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही. मुलाची बोट लाल समुद्रातून गेली होती का? 2023 च्या डिसेंबरापासून कित्येक कंपन्यांनी तो रस्ता सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून न्यायला सुरुवात केली. दहा-बारा दिवस जास्त लागतात, पण लागू देत म्हणून. तुमच्या मुलाची बोट कुठून गेली, कुठल्या बंदराला लागली, रात्री कुणाची पाळी होती, तो घाबरला होता की नव्हता, हे तुम्हाला माहीत नाही. माहीत असतं तर पत्रात आलं असतं. ज्या भीतीने तुम्ही रात्र रात्र जागता, तिचं उत्तर शेजारच्या खोलीत झोपलेलं आहे.

आणि एक विचारते. 'गॅलेक्सी लीडर'वरचे 25 खलाशी 22 जानेवारी 2025 ला सुटले. चौदा महिन्यांनी, पण जिवंत सुटले. हेलिकॉप्टरचा व्हिडिओ तुम्ही शंभरदा पाहिला असेल. त्यांच्या सुटकेची बातमी किती वेळा पाहिलीत? माणूस सुटला की त्याची बातमी होते आणि विरते. माणूस धरला गेला की तेच चित्र महिनोन्‌महिने फिरत राहतं. तुमच्या अंगठ्याखाली जग येत नाही, जगाचा तेवढाच तुकडा येतो.

2013 साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर अमेरिकेतल्या संशोधकांनी लोकांना प्रश्न विचारले. ज्यांनी पुढचा आठवडाभर रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ त्याच बातम्या आणि तीच चित्रं पाहिली, त्यांच्यात तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष त्या स्फोटांच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. हे वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. तुमचं पत्र वाचून बसला. बोटीवरून आलेला झोपला आहे आणि आई जागी आहे.

माझे वडील 1990 साली कुवेतला होते. ऑगस्टमध्ये इराकी फौजा शिरल्या, मग कित्येक दिवस काही पत्ता नाही. आई सोप्यावर रेडिओ घेऊन बसायची. पण बातम्या दहा मिनिटांच्या. त्या संपल्या की रेडिओ बंद, आई उठायची, चुलीवर पेज ठेवायची, गाईला पाणी दाखवायची. बातमीला शेवट होता म्हणून आईच्या रात्रीलाही शेवट होता. मोबाइलमध्ये पान संपतच नाही, खालून नवं येत राहतं. ज्या अझा रास्किनने 2006 साली ही युक्ती काढली, त्याने पुढे तिच्याबद्दल जाहीरपणे खंत बोलून दाखवली. तेव्हा हात थांबत नाही, एवढ्यावरून स्वतःला बोल लावू नका. बोल लावायचा तर त्या जेवणाबद्दल लावा.

बाबा परत आले तेव्हा आम्ही त्यांना काहीच विचारलं नाही. सुखरूप आले, पुरे झालं, असं वाटलं. त्यांनीही कधी सांगितलं नाही. वाळवंटातून बसने कसे निघाले, प्यायला पाणी होतं का, मला आजतागायत माहीत नाही आणि आता विचारायला ते नाहीत.

मोबाइलमध्ये काय बंद करायचं ते मी सांगणार नाही. उद्या सकाळी एवढंच करा. पोदेर आला की गरम उंडे घ्या, चहा ठेवा आणि मुलाला उठवा. त्याचा शाळेतला जुना नकाशासंग्रह असेल तर काढा, नसेल तर वहीचा कागद घ्या. पेन्सिल त्याच्या हातात द्या आणि म्हणा, "तुझी बोट कुठून कुठे गेली ती रेघ मला काढून दाखव." तुमचा मोबाइल तेव्हा आतल्या खोलीत असू दे. त्या व्हिडिओबद्दल त्याची माफी मागा, एका वाक्यात, रडू नका. 'काही नाही गे आई' म्हणून तो टाळेल. तरी उठू नका. तो कुठल्या बंदरापाशी थांबला, पेन्सिल कुठे घुटमळली, ते बघा आणि तिथलंच विचारा. चहा निवला तर निवू दे.